दुखणं उलटू नये म्हणून

पोरी, लेकराला पुन्हा दिसायला लागलं, तू गल्लीत पेढे वाटलेस, बरं केलंस. आता माझं ऐक. डोळ्याच्या नसेला सूज आली की सलाईनमधून औषध तीन ते पाच दिवस चालतं, ते काम दवाखान्याचं. सूज परत येऊ नये म्हणून पुढे महिनोन्‌महिने जे करायचं, ते काम घरचं. लेकरू शाळेत जातं, क्रिकेट खेळतं, सगळं सुरळीत असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आईबापाचा हात ढिला पडतो. मी डोळ्यांच्या वॉर्डात नोकरी काढली. पहिल्या वेळी काहीच दिसेनासं झालेली लेकरंसुद्धा बहुतेक बरी होऊन गेली. नजर कायमची अधू झाली ती बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला आलेल्यांची. त्यांच्या आयांना विचारलं, गोळ्या कधी थांबवल्या, कशाला थांबवल्या? तर उत्तर ठरलेलं, ‘बरं वाटत होतं म्हणून, सिस्टर.’

म्हणून हे सगळं तुझ्या कानावर घालते. काही गोष्टी तुला डॉक्टरांनी सांगितल्याही असतील, पण ओपीडीच्या गर्दीत ऐकलेलं घरी येईपर्यंत निम्मं राहतं.

आधी दुखण्याचं नाव विचार. ‘नसेला सूज आहे’ एवढ्यावर घरी यायचं नाही. सूज कशामुळं, ते विचार. लहान लेकरांत पुष्कळदा सर्दी-तापानंतर पंधरा-वीस दिवसांनी ही सूज येते, दोन्ही डोळ्यांत एकदमच येते, आणि एकदाच येऊन जाते. तेवढ्यावर भागलं तर लांबच्या औषधाची गरजही नसते. पण दुसऱ्यांदा आली म्हणजे शरीराची राखण करणारी शक्तीच स्वतःच्या नसेवर उठली आहे, आणि ती का उठली हे रक्तात शोधावं लागतं.

मी नोकरीला लागले तेव्हा अशा सगळ्या पेशंटच्या फाईलवर एकाच आजाराची शंका लिहिलेली असायची, मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एम.एस. फ्रान्समधल्या लियाँ शहरात डेव्हिक नावाच्या डॉक्टरनं १८९४ मध्येच डोळ्याची नस आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दोन्ही धरणारं वेगळं दुखणं लिहून ठेवलं होतं, पण ते ओळखायची रक्ताची तपासणी यायला २००४ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं ती शोधली. आज तिला अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी म्हणतात. त्यानंतर तिसरं नाव आलं, मॉग. नसेच्या धाग्यांवर चरबीचं आवरण असतं, त्या आवरणावरचं हे एक प्रथिन, आणि त्याच्याविरुद्ध शरीरात तयार होणारी ती मॉग अँटिबॉडी. या आजाराचं निदान कसं करायचं याचे जगभराचे निकष ठरले ते अगदी अलीकडे, २०२३ मध्ये. लहान मुलांत वारंवार उलटणाऱ्या सुजेत मॉग हे नाव फार वेळा निघतं. तेव्हा तुझ्या फाईलमध्ये या दोन्ही तपासण्यांचे रिपोर्ट आहेत का बघ. नसतील तर विचार, आणि ‘सेल बेस्ड’ पद्धतीनं केली का हेही विचार, कारण जुन्या पद्धतीनं केलेली तपासणी फसवते. आपल्या देशात या पद्धतीनं अ‍ॅक्वापोरिन आणि मॉग तपासायचं मोठं काम मंगळुरात डॉ. लेखा पंडित यांच्या केंद्रानं केलं. रक्त इथं काढायचं आणि नमुना बाहेरगावी जायचा, अशी सोय असते. इम्युनोग्लोब्युलिनचं सलाईन चढवण्याआधी किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलण्याआधी हा नमुना काढून ठेवलेला बरा. नंतर काढला तर निकालाचा भरवसा राहत नाही.

नावाला एवढं महत्त्व का? कारण औषध त्यावर ठरतं. मॉग असलेल्या पुष्कळ लेकरांना ही सूज आयुष्यात एकदाच येते, म्हणून पहिल्या वेळी डॉक्टर थांबून बघतात आणि दुसऱ्यांदा आली की लांबचं औषध काढतात. अ‍ॅक्वापोरिन निघालं तर पहिल्याच वेळेपासून औषध सुरू करतात, कारण तिथं प्रत्येक वेळी नजरेचा थोडा हिस्सा कायमचा जातो. आणि एम.एस.वरची इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही औषधं अ‍ॅक्वापोरिनच्या पेशंटला दिली तर दुखणं आणखी भडकतं. म्हणून नाव कळल्याशिवाय दुसऱ्याच्या लेकराची औषधाची चिठ्ठी बघून ‘आमच्याला पण हेच द्या’ म्हणायचं नाही.

डॉक्टरांनी न विचारलेल्या चार गोष्टी तू स्वतःहून सांग. घरात कुणाला टीबी झाला होता का, लेकरानं टीबीचं औषध घेतलंय का. त्यातलं इथॅम्ब्युटॉल नसेला बाधू शकतं, आणि त्यात आधी लाल-हिरवा रंग फिका होतो. तुझ्या माहेरी, म्हणजे लेकराच्या मामा-मावश्यांत, तरुणपणी कुणाची नजर न दुखता गेली होती का. ते आईकडून येणारं वेगळंच दुखणं असतं, त्यात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. आणि आपल्या भागात चौथी गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल. किनवट-माहूरच्या पट्ट्यात ते आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. सिकलसेलच्या लेकराला स्टेरॉइड देताना डॉक्टरांना फार सांभाळून द्यावं लागतं, नाहीतर अंगदुखीचा मोठा झटका येऊ शकतो. लाजायचं त्यात काही नाही, कार्ड असेल तर पुढं कर.

आता स्टेरॉइडचं. या शब्दाला माणसं भितात, आणि भिऊन नेमकं उलटं वागतात. सलाईनमधलं औषध मिथाइलप्रेडनिसोलोन. लेकराच्या वजनावर, किलोला २० ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या लेकराला दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम. कितीही वजन असलं तरी एक ग्रॅमच्या वर नाही. ते सावकाश, तास-दोन तासांत जायला हवं. त्या वेळी तोंडाला धातूसारखी चव येते, चेहरा लाल होतो, रात्री झोप लागत नाही, लेकरू चिडचिड करतं. घाबरू नकोस, पण बीपी आणि साखर मधून मधून बघतात की नाही यावर तुझं लक्ष असू दे.

कुणी म्हणेल, सलाईनसाठी नांदेडला कशाला जायचं, गोळ्याच द्या की. त्याला हे सांग. अमेरिकेत १५ केंद्रांत ४५७ मोठ्या माणसांवर एक अभ्यास झाला, त्याचा निकाल १९९२ मध्ये छापून आला. ज्यांना नुसत्या नेहमीच्या डोसच्या प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात सूज परत यायचं प्रमाण वाढलेलं निघालं. लहान मुलं त्या अभ्यासात नव्हती, तरी तेव्हापासून लेकरांनाही आधी सलाईन, मग गोळ्या, असाच क्रम पडला. माझ्या डोळ्यांदेखत वॉर्डातली रीत बदलली.

सलाईननंतरच्या गोळ्या हा खरा घाट. वायसोलोन म्हण, ओमनाकॉर्टिल म्हण, औषध तेच, प्रेडनिसोलोन. पण पाकिटं ५, १०, २०, ४० मिलिग्रॅमची वेगवेगळी येतात आणि सगळ्या गोळ्या दिसायला सारख्या. दुकानदारानं दहाच्या जागी वीसची पट्टी दिली की सगळा हिशेब चुकला. त्यासाठी कालनिर्णय भिंतीवर लाव आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवसाचे मिलिग्रॅम लिही. गोळ्यांचा आकडा लिहू नकोस, मिलिग्रॅम लिही. गोळी सकाळी आठच्या सुमारास, पोटात काही गेल्यावर द्यायची. शरीर स्वतःचं स्टेरॉइड सकाळीच जास्त बनवतं, आणि सकाळी दिली तर रात्रीची झोपही उडत नाही.

मॉगचं दुखणं उलटतं ते बहुतेक डोस कमी होत होत अगदी थोडा उरल्यावर, किंवा बंद झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. तेव्हा शेवटच्या गोळीनंतर तीन महिने तू जास्त सावध राहायचं. आणि मनानं गोळी कधीही एकदम थांबवायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की किडनीच्या वरच्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. एकदम तोडलं तर लेकरू गळून जातं, उलट्या होतात, बीपी पडतं, जिवावर बेततं. उलटीबरोबर गोळी बाहेर पडली तर डॉक्टरांना फोन कर. दोन डोस सलग पोटात टिकले नाहीत तर गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयाचा दरवाजा गाठायचा आणि पहिलं वाक्य हे बोलायचं, ‘याला स्टेरॉइड चालू आहे.’ मोठा ताप आला, पडून हाड मोडलं, ऑपरेशन निघालं, तरी हेच वाक्य. एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या दप्तरात ठेव. लेकरू आश्रमशाळेत राहत असेल तर अधीक्षकांच्या टेबलाच्या काचेखाली लावायला सांग.

चेहरा गोल होईल, भूक सुटेल. रात्री अकराला उठून भाकरी मागेल. दे, पण पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, कुरकुरे बंद, कारण मिठानं बीपी चढतं आणि अंगावर सूज येते. दूध, दही, तीळ, अंडी चालू दे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर लिहून देतील, ते ‘ताकदीचं औषध’ समजून टाळू नकोस, हाडं त्यावर टिकतात. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी त्याची उंची खुणेनं मांड. खूण वर सरकत नसेल तर डॉक्टरांना दाखव. आणि एक गंमत बघ, डोळ्यासाठी दिलेलं औषध डोळ्यालाच दोन त्रास देतं. आतला दाब वाढतो आणि मोतीबिंदू धरतो. दोन्ही आधी दुखत नाहीत, म्हणून नजर चांगली असली तरी दाब तपासून घ्यायची तारीख चुकवायची नाही.

नेमकं म्हणूनच वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर कुणाला ठेवत नाहीत. त्याच्या जागी दुसरी औषधं येतात. अ‍ॅझाथायोप्रिन स्वस्त, जुनं. पण त्याचा जोर यायला चार-सहा महिने लागतात, तोवर स्टेरॉइड चालूच ठेवावं लागतं. हे आधी माहीत नसलं की माणूस दोन महिन्यांत वैतागतो, ‘दोन-दोन औषधं देतात आणि फरक शून्य.’ पहिल्या महिन्यात रक्त वरचेवर तपासतात, पुढे अंतर वाढतं. आपल्याकडच्या काही लोकांच्या अंगात हे औषध पचवणारी एक गोष्ट जन्मतःच कमजोर असते. तसं असलं तर पांढऱ्या पेशी झपाट्यानं उतरतात, आणि त्याची एक खूण घरी दिसते, पुंजक्यांनी केस गळणं. उशीवर केस दिसले की ‘उष्णता झाली’ म्हणून तेल चोळत बसू नकोस. त्याच दिवशी रक्त तपासून घे.

मायकोफिनोलेट त्याच्यापेक्षा महाग, पोट बिघडवतं, पण पुष्कळांना मानवतं. वयात आलेल्या मुलीला हे चालू असेल तर डॉक्टर तिच्या आईशी वेगळं बोलतात, कारण पोटातल्या बाळाला ते फार घातक. रिटुक्सिमॅब सलाईनमधून, साधारण सहा महिन्यांनी एकदा. परदेशी औषध म्हणून पूर्वी कुणाला परवडत नसे. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं देशातच बनवलं तेव्हा कुठं ते आपल्यासारख्यांच्या थोडंफार आवाक्यात आलं, तरी अजूनही ते खर्चिकच. ते देण्याआधी कावीळ ब आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, झाली नसेल तर तू आठवण कर. मॉगसाठी दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिनचं सलाईन देतात, त्याचा उपयोग लेकरांत चांगला दिसतो, पण पैसा फार लागतो. त्या दिवशी पाणी भरपूर पाजायचं, म्हणजे नंतरची डोकेदुखी कमी होते. यातलं कोणतं घ्यायचं हे तू-मी ठरवायचं नाही. पण ‘हे किती महिने, कशाची तपासणी किती दिवसांनी, आणि मध्येच दुकानात मिळालं नाही तर काय करायचं’ हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

या औषधांनी राखण करणारी शक्ती मुद्दाम खाली आणलेली असते. म्हणजे बाकीच्या रोगांना दार उघडं. गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी आणि पोलिओचे तोंडातले थेंब औषध चालू असताना विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत. पोलिओ रविवारी दारात आलेल्या बाईंना स्पष्ट सांग, आणि घरात धाकटं लेकरू असेल तर त्याच्या थेंबाबद्दलही डॉक्टरांना विचार. शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या असं कळलं की त्याच दिवशी फोन. अंगावर फोड यायची वाट बघायची नाही, आधी कळवलं तर उपाय करता येतो. आजोबांचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर आधी त्यांचा बेडका तपास. आणि पावसाळ्यात रानात अनवाणी सोडू नकोस. ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारे बारीक जंत असतात. एरवी ते गप्प राहतात, स्टेरॉइड चालू झालं की अंगभर पसरतात. शाळेतली जंताची गोळी पुरेशी आहे का, तेही विचारून घे.

आता दुखणं उलटतंय हे ओळखायचं कसं. लेकरू सांगत नाही. एका डोळ्यानं नीट दिसत असलं की दुसऱ्याचं त्याला कळतही नाही, आणि कळलं तरी पुन्हा सुई नको म्हणून लपवतं. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी आंघोळीआधी, त्याच जागी, त्याच उजेडात बसव. एक डोळा तळहातानं झाकायचा. बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून लेकरं बघतात. समोर कालनिर्णयचे आकडे वाचायला लाव, मग दुसरा डोळा. आकडे पाठ होतात त्यांचे, म्हणून दर वेळी वेगळं पान. वाचता येत नसेल तर पुठ्ठ्यावर इंग्रजी ई काढ आणि तिचे दात कोणत्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायला सांग. नंतर कुंकवाचा करंडा धर. एका डोळ्याला लालभडक आणि दुसऱ्याला विटकरी, मळकट दिसतंय म्हणाला, तर आकडे बरोबर वाचले तरी सावध हो, रंग आधी जातो. डोळा इकडं-तिकडं फिरवताना आत दुखतंय का हेही विचार. रोज रोज मात्र करू नकोस, लेकरू कंटाळून खोटं सांगायला लागतं. मधल्या दिवसांत नुसतं बघ, पायरी चुकतो का, चेंडू एका बाजूनं सुटतो का, वही नाकाला लावतो का.

आणि आपल्या किनवटच्या उन्हाची गोष्ट वेगळी आहे, ती पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या लगेच ध्यानात येत नाही. ज्या नसेला एकदा सूज येऊन गेली ती गरमीत नीट काम करत नाही. ताप आला, ऊन लागलं, खूप पळाला, कढत पाण्यानं नाहला, की नजर धूसर होते, आणि अंग थंड झालं की परत येते. ऊथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९० च्या सुमारास हे लिहून ठेवलंय. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या कितीतरी वर असतो. उनकेश्वरच्या गरम कुंडात लोक कातडीच्या रोगासाठी आंघोळीला जातात. तुझ्या सासूबाई श्रद्धेनं नातवाला तिथं नेतील, आणि कुंडातून वर आल्यावर तो म्हणेल, ‘आजी, दिसंना.’ मग एकच आकांत. त्यांना दोष देऊ नकोस, आणि देवाचा कोपही समजू नकोस. दर्शन घ्यावं, कुंडात उतरू नये, डोक्यावर गार पाणी घालावं. माहूरच्या पायऱ्याही चैत्रात दुपारी चढवू नकोस, सकाळी लवकर चढव.

मग खरं कोणतं अन् खोटं कोणतं? गरमीनं आलेला धूसरपणा अंग थंड झाल्यावर थोड्या वेळात, फार तर काही तासांत जातो, आणि डोळा फिरवताना दुखत नाही. सावलीत बसवून, गार पाणी पाजून, ताप असेल तर उतरवूनसुद्धा धूसरपणा गेला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेलाही तसाच असला, तर ते उलटणंच धरायचं आणि निघायचं. दुखत असेल किंवा लाल रंग फिका झाला असेल तर चोवीस तासही थांबू नकोस. मॉग आणि अ‍ॅक्वापोरिनमध्ये सलाईन जितकं लवकर, तितकी नजर जास्त वाचते. आठवडाभर ‘बघू, आठवडी बाजार झाल्यावर जाऊ’ करण्यात जे जातं ते परत मिळत नाही.

डोळ्यात काही घालायचं नाही. मध नाही, कांद्याचा रस नाही, रुईचा चीक तर मुळीच नाही. सुजलेली नस डोळ्याच्या मागं असते, पुढून घातलेला थेंब तिथवर पोचत नाही, आणि पुढचा चांगला पडदा मात्र भाजून निघतो. कावीळ उतरवणारा झाडपाला, ताकदीची भुकटी, हेही नको. त्यानं लिव्हरवर परिणाम झाला तर अ‍ॅझाथायोप्रिन बंद करायची पाळी येते आणि पंचाईत होते. चष्म्यानंही ही नजर वाढत नाही, चष्म्याच्या दुकानातल्या माणसाचं ऐकून पैसे घालवू नकोस. गाजर, पालेभाजी खाऊ घाल, ती चांगलीच, पण त्यानं बरी होते ती रातांधळी, हे दुखणं वेगळं.

निघायचं कुठं हे शांत डोक्यानं आजच ठरव. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सलाईन, एम.आर.आय. आणि लहान मुलांचा विभाग एका छताखाली मिळणं महत्त्वाचं, कारण या दुखण्याला डोळ्यांचा, मेंदूचा आणि लेकरांचा असे तिन्ही डॉक्टर लागतात. आपल्याला आदिलाबाद जवळ पडतं, आणि कृष्णा एक्सप्रेसनं सिकंदराबाद एका गाडीत होतं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान १९८७ पासून आहे, नसेच्या दुखण्याची माहिती असलेली माणसं तिथं भेटतात. नंदीग्राम एक्सप्रेस धरली तर थेट मुंबई. पण लक्षात ठेव, महात्मा फुले जनआरोग्य योजना आपल्या राज्याची. हद्दीपलीकडच्या दवाखान्यात ती चालते का, कोणतं औषध तिच्यात बसतं, हे निघण्याआधी आरोग्यमित्राला विचार, तिथं जाऊन कपाळाला हात लावण्यापेक्षा बरं. आणि दरवेळी वेगळा दवाखाना नको. एक डॉक्टर धर, बाकीच्यांचा सल्ला घेऊन परत त्याच्याकडंच ये.

फाईलमध्ये सगळ्यात वर एकच कागद असू दे. कोणत्या तारखेला कोणता डोळा गेला, किती दिवस सलाईन, नजर कधी आली, आत्ता कोणतं औषध किती मिलिग्रॅम, मॉग आणि अ‍ॅक्वापोरिनचा निकाल, कशाची अ‍ॅलर्जी. पहिल्या एम.आर.आय.ची सीडी जप. रिपोर्टचे मोबाईलवर फोटो काढ आणि जावईबापूंच्या फोनमध्येही ठेव. पुढचा एम.आर.आय. असेल तेव्हा घरूनच करदोटा, बाळी, ताईत, तोडे काढून ने, मशिनच्या दाराशी ताईत कापताना बायका रडतात. ताईत उशीखाली ठेवून ये म्हणावं सासूबाईंना, देव समजून घेतो.

शाळेत मुख्याध्यापकांना लेखी दे. पुढचा बाक, फळ्यावर मोठी अक्षरं, सलाईनच्या दिवसांची हजेरी. नजर कमी राहिली तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला संकोच करू नकोस. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अल्पदृष्टी आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे आणि सिकलसेलसुद्धा आहे. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा आणि लेखनिक मिळू शकतो, तो हक्क आहे, मेहरबानी नाही. एकाच डोळ्यावर भिस्त असेल तर त्या डोळ्याला जप. विटी-दांडू आणि दिवाळीचे फटाके यांत मी किती चांगले डोळे गेलेले बघितलेत म्हणून सांगू. नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा खेळताना घालायला लाव.

औषध कधी बंद होणार, हे तू मला दर फोनला विचारतेस. अ‍ॅक्वापोरिन असेल तर ते बहुधा थांबवत नाहीत. मॉगमध्ये दोन-तीन वर्षं दुखणं शांत राहिलं, रक्तातली अँटिबॉडी गेली, तर डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात. तो निर्णय दहावीच्या वर्षी नको, लग्नसराईच्या धावपळीत नको. कमी करायला घेतलं की रविवारची परीक्षा पुन्हा काटेकोर.

आणि तो बारा-तेरा वर्षांचा झाला की गोळ्यांची डबी हळूहळू त्याच्या हातात दे. पोरं त्या वयात गोळी खिडकीबाहेर टाकतात, मित्रांसमोर गोल चेहरा नको वाटतो त्यांना. रागावू नकोस. सोमवारी डबी भरताना दोघं मिळून मोजा. कमी-जास्त निघालं तर का ते विचार, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर त्याला स्वतः बोलू दे, तू बाहेर बाकावर बस. अठराव्या वर्षी लेकरांचा डॉक्टर सोडून मोठ्यांच्या डॉक्टरकडं जावं लागेल, तेव्हा तोच कागद, फाईलमधला सगळ्यात वरचा, त्याला त्याच्या अक्षरात लिहायला लाव.